म्हैसूर राज्याची जप्ती

बंगळूरास बदलून आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यातच जी इमारत दाखविण्यात येते, ती म्हणजे कबन पार्कच्या कडेची तांबडी ‘अठरा कचेरी’. समोर विधानसौधाचा पांढरा डोंगर उभा असूनही तिचा तोरा कमी झालेला नाही. १८६८ साली ती पुरी झाली आणि त्यापूर्वी किल्ल्यातील टिपूच्या वाड्यात दाटीवाटीने बसणारी सरकारी खाती तेथून उठून येथे आली. आज त्या इमारतीत उच्च न्यायालय आहे. पण लोकांच्या तोंडी नाव अजून ‘अट्टार कचेरी’ असेच आहे. हे नाव मराठी माणसाच्या कानास परके वाटत नाही. तसे पाहिले तर येथल्या महसुली कन्नडातील पुष्कळच शब्द आपल्या ओळखीचे निघतात. बाकी, जप्ती, अमलदार, शिरस्तेदार, जमाबंदी हे सारे आपलेच सोबती. लिलावाला कन्नडात ‘हराजु’ म्हणतात; आपल्याकडचा जुना ‘हर्रास’ तो हाच. हैदरअलीच्या काळी म्हैसूरचे जमाखर्च कन्नडाबरोबर मराठीतही लिहिले जात. टिपूने ते मोडून फारसी आणली. तेव्हा या शब्दांची वस्ती येथे आपल्या बदलीपेक्षा बरीच जुनी आहे.

परंतु ही इमारत पाहताना एक साधा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. राजा म्हैसूरास, राजवाडा म्हैसूरास, दसरा म्हैसूरास. मग राज्याच्या झाडून साऱ्या कचेऱ्या बंगळूरास कशा? याचे उत्तर हवापाण्यात नाही. १८३१ साली कंपनी सरकारने म्हैसूरचे सबंध राज्य येणे बुडेल या सबबीवर आपल्या ताब्यात घेतले आणि जप्त मिळकतीचा कारभार पाहण्यासाठी नेमलेले कमिशनर आपल्या लष्करी छावणीजवळ, बंगळूरास, राहिले. बंगळूरचे राजधानीपण असे जप्तीतून आले आहे. ती जप्ती कशी झाली, आणि जप्तीचे जे नियम एखाद्या खेड्यातील कुळाच्या बाबतीत पाळावे लागतात ते तीत पाळले गेले काय, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

बंगळूर हे गाव व्यवहारात फिरण्याची ही पहिली खेप नव्हती. ते शहाजीराजांच्या जहागिरीत होते, हे मराठी वाचकास सांगावयास नको. शहाजीराजांमागे ते एकोजींकडे आले. एकोजींचा जीव मात्र तंजावरात गुंतलेला. इतके दूरचे ठाणे राखण्याचा खर्च परवडेना, म्हणून त्यांनी ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वाडियारास तीन लाख रुपयांस विकण्याची बोलणी लावली. सौदा पुरा होण्याच्या आत, १६८७ साली, औरंगजेबाचा सरदार कासीमखान याने गाव घेतले; आणि विल्क्सने आपल्या इतिहासात दिलेली हकीकत खरी धरली, तर त्याच किमतीला ते त्याच गिऱ्हाइकास दिले. पैसे मोगलांना, गाव वाडियारांना, एकोजींच्या हाती काही नाही! एकोजींच्या वंशजांची गाठ आपणास या हकीकतीत पुढे पुन्हा पडणार आहे.

४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले, टिपू मारला गेला. विजयी पक्षांनी मुलूख वाटून घेतला. पेशव्यांसही काही परगणे देऊ केले होते. पण त्यासोबतच्या अटी पुण्यास मानवल्या नाहीत. मधला भाग वाडियारांच्या वंशातील मुलास देण्याचे ठरले. ८ जुलै १७९९ रोजी या मुलाच्या, म्हणजे तिसऱ्या कृष्णराज वाडियारांच्या नावे कंपनीशी तह झाला, तेव्हा त्यांना पाच वर्षे पुरी होण्यास सहा दिवस अवकाश होता.

हा तह वाचला म्हणजे तो राजकारणाचा कागद न वाटता गहाणखत वाटतो. कंपनीने राज्याचे रक्षण करावयाचे, त्याकरिता फौज ठेवावयाची आणि तिच्या खर्चापोटी राजाने दरसाल सात लाख स्टार पॅगोडा द्यावयाचे. हे होन साडेतीन रुपयांचे. म्हणजे वार्षिक हप्ता साडेचोवीस लाख रुपयांचा झाला. राज्याच्या त्या वेळी धरलेल्या उत्पन्नाच्या निम्म्याहून ही रक्कम अधिक होती. पुढे तहाचे चौथे कलम येते. हप्ता चुकेल अशी भीती गव्हर्नर जनरलला सकारण वाटली, तर त्याने राजास सुधारणा सांगाव्यात, अथवा राज्याचा जेवढा भाग किंवा जे भाग येणे सुरक्षित करण्यास लागतील तेवढे कंपनीच्या ताब्यात घ्यावेत. पाचव्या कलमाने मुलूख असा ताब्यात गेला तरी राजाचे पोट राखून ठेवले आहे: कोणत्याही परिस्थितीत त्यास वर्षाला एक लाख पॅगोडा आणि निव्वळ उत्पन्नाचा पाचवा हिस्सा यापेक्षा कमी मिळू नये. ‘जेवढा भाग लागेल तेवढा’ हे शब्द वाचकाने ध्यानात ठेवावेत. सारा वाद पुढे त्यांच्यावरच येऊन थांबतो.

वेलस्लीने हे कलम मुद्दाम घातले होते. अयोध्या, अर्काट आणि तंजावर येथे राजा एकाचा, फौज दुसऱ्याची, कर्ज तिसऱ्याचे अशा तिहेरी कारभाराने कंपनीस जो ताप झाला तो म्हैसुरात होऊ नये, म्हणून ताबा घेण्याचा हक्क आधीच लिहून ठेवला, असे त्यानेच वरिष्ठांस कळविले आहे. आणि गंमत अशी की, त्याच १७९९ सालच्या ऑक्टोबरात तंजावरच्या सरफोजीराजांशी जो तह झाला, त्यात कारभार सरळ कंपनीकडे गेला आणि राजास ठरले ते वर्षाला एक लाख पॅगोडा व निव्वळ उत्पन्नाचा पाचवा हिस्सा. मोजमाप अगदी तेच. म्हैसुरात जे कलम तलवारीसारखे टांगून ठेवले, ते तंजावरात त्याच वर्षी चालवून मोकळे झाले. एकोजींचे घराणे अशा रीतीने वाडियारांच्या आधी बत्तीस वर्षे त्याच दराने निवृत्त झाले. सरफोजीराजांनी त्या निवृत्तीत ग्रंथालय वाढविले. त्याबद्दल आपण त्यांचे ऋणी आहोत. पण हा निराळा विषय झाला.

मुलगा अज्ञान असेपर्यंत, म्हणजे १८११ पर्यंत, दिवाण पूर्णय्यांनी राज्य चालविले. टिपूच्या दरबारात मुरलेला, हिशेबात एक पै न सोडणारा हा देशस्थ कारभारी. हप्ता वेळच्या वेळी गेला. शिवाय दोन कोटींहून अधिक रुपये खजिन्यात शिल्लक राहिले असे सांगतात. ही शिल्लक रयतेस सोसली होती काय, असे विचारणारे तेव्हाही होते. एका राज्यावर निम्म्या उत्पन्नाचे देणे बसविलेले असताना दोन कोट बाजूला पडतात ते कोठून, हे कोणत्याही खर्डेघाशास कळण्यासारखे आहे.

पूर्णय्या १८१२ साली वारले. तरुण राजा उदार, विद्येचा भोक्ता, कानाचा हलका आणि हाताचा सैल होता. शिल्लक संपली, कर्ज वाढले, स्वारांचे पगार तुंबले. अशा वेळी रोकड तात्काळ हाती येण्याचा जो उपाय प्रत्येक अडचणीतील सरकारला सुचतो तोच येथेही सुचला. महसुलाची कामे बोली लावून देण्यास सुरुवात झाली. या पद्धतीस म्हैसुरात ‘शर्ती’ म्हणत. ती जरा तपशिलाने सांगितली पाहिजे, कारण राज्य गेले ते येथून.

अमलदार तालुका हाती घेताना अमुक रकमेची हमी देई. वसूल हमीपेक्षा कमी आला तर तूट त्याने पदरची भरावी. जास्त आला तर जास्तीही सरकारात भरावी. म्हणजे नफ्याचा मार्ग कागदोपत्री मुळीच नाही, आणि तरी ही कामे मिळविण्यासाठी चढाओढ लागे! हमीची रक्कम सामान्यतः मागील वर्षाच्या वसुलाहून अधिक असे. त्याबरोबर अमलदार मुचलका लिहून देई: रयतेवर जुलूम करणार नाही, नवे कर बसविणार नाही, सरकारी वाट्याचे धान्य लोकांच्या गळ्यात मारणार नाही. हा मुचलका म्हणजे केवळ शिरस्ता होता. तो मोडल्याची तक्रार वरपर्यंत गेली तरी तिकडे कोणी पाहत नसे, कारण पाहिले तर हमी बुडते. आपल्याकडे दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत मामलती मक्त्याने देण्याची जी चाल पडली होती, तिची ही सख्खी बहीण. पुण्यात बाजीराव गेला आणि ती चाल बंद झाली; म्हैसुरात ती आणखी बारा-तेरा वर्षे चालली.

शर्ती पद्धतीत ‘थकबाकी’ या शब्दाचा अर्थच बदलतो. जमीन किती, पीक किती, त्यावर देणे किती, हा हिशेब उरत नाही. अमलदाराने लिहून दिलेली रक्कम आणि गावाने दिलेली रक्कम यांतील अंतर ते सारे बाकी. ज्याने एक पैही देणे ठेवले नाही असा कुणबीही अशा हिशेबात थकबाकीदार ठरू शकतो. शेजाऱ्याची तूट त्याच्या नावे पडते.

याचा स्फोट झाला तो नगर प्रांतात. नगर म्हणजे जुने बिदनूर, केळदीच्या नायकांची राजधानी. सुपारी, मिरी, घनदाट पाऊस आणि हक्काची जाणीव असलेले जमीनदार कुणबी, असा हा मलनाड. तेथील फौजदारीवर धारवाडकडील अण्णिगेरीचे रामराव आणि त्यांचे आप्तेष्ट यांचा अनेक वर्षे पगडा होता. १८३० च्या आधी दरबारात कुणकुण लागली की, वसुलात अफरातफर आहे आणि सूट दिल्याचे दाखवून पैसा मधल्या मध्ये जिरला आहे. राजाने आपले आप्त वीरराज अरस यांस फौजदार म्हणून पाठविले. त्यांनी जुन्या सुटींचे हिशेब उघडले. शंका रास्त असेलही. पण गावोगावच्या पाटलांनी व कुळांनी त्यातून घ्यावयाचा तो अर्थ घेतला. जी बाकी माफ झाली असे आपणांस सांगितले होते ती आता पुन्हा वसूल होणार! माफीचा पैसा कोणी खाल्ला, हे कुळास ठाऊक असो वा नसो. जप्ती त्याच्याच दारी येणार हे मात्र त्यास पक्के ठाऊक होते.

येथे आपण मराठी माणसांनी थोडे थांबावे असे मला वाटते. मुलखाबाहेर चाकरीस गेलेल्या आपल्या पूर्वजांच्या कर्तबगारीच्या गोष्टी आपण मंडळांच्या वर्धापनदिनी मोठ्या हौसेने ऐकतो. पूर्णय्यांचा उल्लेख तर हमखास होतो. म्हैसूरच्या कारभारात देशस्थांचा भरणा मोठा होता, हे खरेच. मग शर्तीच्या अमलदारांतही तो होता आणि मुचलके लिहून मोडणाऱ्या हातांचे वळण काही ठिकाणी आपल्याच अक्षरांचे होते, हेही ओघाने आलेच. दुष्टपणाने केले असे मी म्हणत नाही. वरून हमी मागितली जाते, खालून पीक येत नाही, आणि मधल्याने आपली नोकरी राखावयाची असते. ही अवस्था आपल्यापैकी कित्येकांस परिचित असेल.

१८३० च्या उत्तरार्धात नगरच्या रयतेने ‘कूट’ भरविले. कूट म्हणजे सभा. गावेच्या गावे एकत्र जमून सारा न देण्याचे ठरवीत आणि गाऱ्हाणे ऐकावे म्हणून मागणी करीत. पुढे बूदी बसवप्पा नावाचा एक इसम नगरच्या जुन्या नायकांचा वारस म्हणून पुढे आला. तरीकेरेचा पाळेगारही सामील झाला आणि गाऱ्हाण्याचे बंड झाले. राजाच्या फौजेस ते आवरेना. कंपनीचे सैन्य चालून गेले आणि १८३१ च्या मध्यास नगर पडले. नगरच्या रयतेचा मूळचा अर्ज सारा कमी करावा, हिशेब नीट व्हावा, एवढाच होता. त्यास उत्तर तोफांनी मिळाले, आणि राज्य त्या रयतेच्याच नावाने ताब्यात घेण्यात आले.

म्हैसुराबद्दल कंपनीची नाराजी नवी नव्हती. १८२५ साली मद्रासचा गव्हर्नर टॉमस मन्रो स्वतः म्हैसूरास येऊन राजास बजावून गेला होता की, कारभार सुधारला नाही तर चौथे कलम चालवावे लागेल. म्हणजे मागणीची नोटीस पोहोचली होती, हे मान्य केले पाहिजे. ७ सप्टेंबर १८३१ रोजी गव्हर्नर जनरल लॉर्ड विल्यम बेंटिंक याने राजास पत्र लिहिले. तैनाती फौजेचा हप्ता धोक्यात आहे, तहाने दिलेला हक्क आता बजावावा लागत आहे, असा त्याचा आशय. १९ ऑक्टोबर १८३१ रोजी सदतीस वर्षांच्या राजाने तंटा न करता कारभार सोडला. राजवाडा, एक लाख पॅगोडा आणि पाचवा हिस्सा त्यास राहिला. पहिला वरिष्ठ कमिशनर म्हणून जो कर्नल ब्रिग्ज आला, तो आपल्या परिचयाचा आहे. खानदेशात भिल्लांचा बंदोबस्त करणारा, ग्रँट डफनंतर साताऱ्यास रेसिडेंट असलेला, फेरिश्त्याचा भाषांतरकार तो हाच. तो येथे फार टिकला नाही. १८३४ साली मार्क कबन आला. तो मात्र १८६१ पर्यंत राहिला.

आता या जप्तीतील खरी गोम. ताबा घेतल्यावर बंडाच्या कारणांची चौकशी करण्यासाठी चौघांची समिती नेमण्यात आली. कबन तिच्यातच होता. तिचा अहवाल डिसेंबर १८३३ मध्ये आला. जप्ती १८३१ ची, चौकशी १८३३ ची! कोणत्याही कचेरीत असा कागद वर गेला, तर वरिष्ठ लाल शाईने काय लिहील ते सांगावयास नको. अहवाल वाचून आणि १८३४ साली दक्षिणेत येऊन स्वतः पाहून बेंटिंकचे मन द्विधा झाले. त्याने लंडनला जे कळविले, ते एखाद्या प्रामाणिक कारकुनाने आपल्याच टिप्पणीतील चूक दाखवावी तसे आहे. त्याचा मतलब असा: तहाने ताबा घेता येतो तो हप्ता सुरक्षित करण्यासाठी, आपण घेतला तो राजाच्या गैरकारभारामुळे. हप्ता तर तातडीच्या धोक्यात असल्याचे दिसत नाही. शिवाय तहात जेवढा भाग लागेल तेवढाच घेण्याची मुभा आहे. आपण सबंध राज्य घेतले, आणि एका भागाने काम निःसंशय भागले असते. यावर त्याने तोडही सुचविली: काही मुलूख हप्त्यासाठी ठेवून बाकीचा राजास परत द्यावा. कंपनीच्या डायरेक्टरांनी ती नाकारली. सुधारलेली व्यवस्था पक्की रुजेपर्यंत राज्य परत करू नये, असे त्यांचे म्हणणे पडले.

‘एका भागाने काम भागले असते’ हे वाक्य मी प्रथम वाचले तेव्हा मला आमच्या घरचा एक कागद आठवला. आजोबांच्या ट्रंकेत एका रुमालात बांधलेली मोडीतील नोटीस होती. आमच्या पणजोबांच्या नावे अकरा रुपये सहा आणे सारा बाकी राहिला आणि त्यापोटी एक सबंध सर्व्हे नंबर लिलावात गेला. तालुका कोणता, मामलेदार कोण, याची वाच्यता आता करण्याचे कारण नाही. आजोबा तो कागद दाखवीत तेव्हा पणजोबांनी सारा थकविला नव्हता असे त्यांनी कधी म्हटले नाही. सारा थकला होता. त्या साली पीक बुडाले होते. त्यांचे म्हणणे एवढेच असे की, बांधाकडचा आंब्याचा तुकडा विकून अकरा रुपये सहज उभे राहिले असते, आणि तसे कोणी विचारले नाही. हा आक्षेप ते म्हातारपणापर्यंत, अगदी त्याच शब्दांत, सांगत असत. मला तो लहानपणी क्षुल्लक वाटे. बेंटिंकचा खलिता वाचल्यावर तसा वाटेनासा झाला.

देणेकऱ्याच्या मालमत्तेपैकी देण्यापुरतीच विकावी, हे तत्त्व आपल्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत स्पष्ट आहे. नांगर, बैल आणि स्वयंपाकाची भांडी यांस तर हातच लावता येत नाही. महसुलाच्या बाबतीत सरकारने स्वतःस इतके बांधून घेतलेले नाही. १८७९ च्या मुंबई महसूल संहितेत मागणीची नोटीस, भोगवट्याची खालसा, जंगम मालाची जप्ती, स्थावराची विक्री, अटक, अशी शिडी आहे. पायरी कोणती चढावयाची ते बहुतेक अधिकाऱ्याच्या मर्जीवर. तरी नोटीस आणि लिलावाची जाहीर दवंडी यांचा नियम तेथेही आहे, आणि विक्रीत गैरप्रकार झाला असेल तर ती रद्द करण्यासाठी अर्ज करण्याची मुदतही आहे. म्हैसूरच्या राजास असा अर्ज करावयाचा तो जप्ती करणाऱ्याकडेच करावा लागला, आणि तो त्याने वर्षानुवर्षे केला.

त्या काळी कंपनीच्या राज्यात थकबाकीपायी मिळकत जाणे हा अपवाद नव्हता. १७९३ च्या कायमधाऱ्यात बंगालच्या जमीनदाराने ठरल्या दिवशी सूर्यास्तापूर्वी हप्ता भरला नाही तर त्याची जमीनदारी लिलावास निघे. पहिल्या वीस-पंचवीस वर्षांत कित्येक जुनी घराणी याच ‘सूर्यास्ता’त बुडाली. राज्यांनाही तोच न्याय लागू होत असे, आणि त्याचे आपल्यास अधिक जवळचे उदाहरण म्हणजे वऱ्हाड. हैदराबादच्या कंटिंजंट फौजेचा पगार थकला, निजामाच्या नावे कर्ज साचत गेले आणि २१ मे १८५३ च्या तहाने डलहौसीने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे प्रांत त्यापोटी लावून घेतले. तेथे मात्र एक फरक आहे. १८६० साली धाराशिव व रायचूर दुआब परत झाले आणि पन्नास लाखांचे कर्ज सोडून देण्यात आले. म्हणजे ‘लागेल तेवढाच भाग’ हे तत्त्व निदान अर्ध्यावर तरी ओळखले गेले. वऱ्हाड मात्र सुटले नाही. सालारजंगाने ते सोडविण्याची शिकस्त केली; १९०२ साली कर्झनने पंचवीस लाख सालाच्या बोलीने त्याचा कायमचा पट्टा करून घेतला. गहाणाचे रूपांतर असे भाडेपट्ट्यात झाले. अमरावती-अकोल्याकडच्या वाचकांस हे आपल्या सातबाराइतके पाठ असेल.

म्हैसूरच्या जप्तीस दुसरीही बाजू आहे, आणि ती लपविणे योग्य होणार नाही. कबनच्या अमदानीत शर्ती गेली. धान्याच्या वाटणीचा सारा हळूहळू रोकडीत आला आणि पीक हाती येण्यापूर्वीच हप्ता मागण्याची चाल बंद पडू लागली. किरकोळ कर म्हणून ज्यांची नोंद होती असे ७६९ कर काढून टाकण्यात आले. त्यांची यादी म्हणजे एक करमणूकच आहे: लग्नावर कर, मूल जन्मले की कर, त्याचे नाव ठेवले की कर, जावळ काढले की कर. एका गावास तर एवढ्यासाठी कर भरावा लागे की, कोणा पाळेगाराचा चुकलेला घोडा त्यांच्या पूर्वजांना शोधून देता आला नव्हता! नगरच्या कुणब्यास विचारले असते तर राज्य राजाकडे असावे की कमिशनराकडे, यावर त्याने कदाचित खांदे उडविले असते. घोड्याचा कर गेला याचा मात्र त्यास आनंदच झाला असता. म्हणून जप्ती बरी झाली असे म्हणणारे इतिहासकार आहेत, आणि त्यांचे म्हणणे झटकून टाकता येत नाही.

तरीही माझे मन त्या बाजूस वळत नाही. शर्तीचा जन्म कशातून झाला, हे ते इतिहासकार सोडून देतात. ज्या राज्याच्या उत्पन्नाचा निम्म्याहून अधिक भाग दरसाल एकाच धनकोकडे जातो, त्या राज्यात पूर्णय्यांसारखा कठोर माणूस असला तर रयत पिळली जाते आणि कृष्णराजांसारखा सैल असला तर खजिना फुटतो. राजाच्या उधळेपणाची यादी प्रत्येक खलित्यात आहे. साडेचोवीस लाखांचा हप्ता मात्र ऋतुचक्रासारखा गृहीत धरलेला आहे. आणि जप्तीनंतर हा हप्ता एका रुपयानेही कमी झाला नाही. धनको स्वतःच कारभारी झाला आणि आपले येणे स्वतःच वसूल करीत राहिला.

कृष्णराज वाडियारांनी हार्डिंजपासून पुढच्या गव्हर्नर जनरलांना अर्ज केले. प्रत्येक अर्जात तहाच्या कलमांची उजळणी असे. औरस पुत्र नव्हता. १८६५ साली त्यांनी चामराजेंद्रांस दत्तक घेतले, तेव्हा दत्तक मंजूर होईल की नाही याचीच शंका होती, कारण डलहौसीने सातारा आणि नागपूर कसे खालसा केले ते साऱ्यांनी पाहिले होते. अखेर १८६७ साली लंडनहून निर्णय आला की, दत्तक मान्य आणि तो वयात आल्यावर राज्य परत. पुढल्याच वर्षी, २७ मार्च १८६८ रोजी, म्हातारे राजे वारले. त्याच वर्षी अठरा कचेरी उभी राहिली.

मध्यंतरी १८७६ ते १८७८ चा दुष्काळ येऊन गेला. १८७१ च्या खानेसुमारीत पन्नास लाखांवर असलेली म्हैसूरची लोकसंख्या १८८१ साली बेचाळीस लाखांच्या आत भरली. राज्यावर ऐंशी लाखांचे कर्ज झाले. २५ मार्च १८८१ रोजी जप्ती उठली आणि चामराजेंद्रांस राज्य मिळाले, ते या कर्जासकट. सोबतचा कागद या वेळी तह नव्हता, तबदीलपत्र होते. त्यात वार्षिक हप्ता साडेचोवीस लाखांवरून पस्तीस लाख करण्यात आला. दुष्काळ ध्यानी घेऊन वाढीव साडेदहा लाखांची वसुली काही वर्षे तहकूब ठेवली. पुढे ती सुरू झाली. अटी मोडल्यास राज्य पुन्हा ताब्यात घेण्याचे कलमही त्यात होते; ‘जेवढा भाग लागेल तेवढा’ हे शब्द मात्र त्यात नव्हते. बंगळूरची छावणी इंग्रजांनी आपल्याकडेच ठेवली.

यानंतर सात वर्षांनी, १८८८ साली, म्हैसूरने आपली जमीन महसूल संहिता केली. तिचा कित्ता मुंबईच्या १८७९ च्या संहितेचा. मोजणीची पद्धतही १८६३ पासून मुंबईचीच आणलेली होती. अकरा रुपये सहा आण्यांना सबंध सर्व्हे नंबर ज्या कायद्याने आमच्या पणजोबांचा गेला, तोच कायदा थोड्या फेरफारांनी नगरच्या कुळांसही लागू झाला. राज्य परत मिळालेल्या राजाच्या सहीने.

वाढीव साडेदहा लाख १९२७ साली लॉर्ड आयर्विनने माफ केले. उरलेले साडेचोवीस लाख, १७९९ च्या आकड्याप्रमाणे, चालू राहिले. छावणीचा मुलूख म्हैसूरला परत मिळाला तो १९४७ साली.